रस्त्यावर वाजवायची जागा कुणाची? आधी आलेल्याची की मोठ्या आवाजाची?

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाल्यापासून संध्याकाळी तिथं कुणी ना कुणी वाजवत बसलेलं असतं. मागच्या शनिवारी त्यावरून दोघांची जुंपली. एक काका त्यांच्या ठरलेल्या झाडाखाली बेंजो घेऊन बसले होते (आपला बेंजो, टाइपरायटरसारख्या बटणांचा). वीसेक पावलांवर दोन पोरांनी गिटार, माइक आणि बॅटरीवरचा स्पीकर मांडला. पहिल्याच गाण्यात बेंजो ऐकू येईनासा झाला. काका उठून म्हणाले, "जरा पुढं सरका की रे." पोरगा म्हणाला, "काका, फुटपाथ सगळ्यांचा आहे." त्यावर काका, "फुटपाथ सगळ्यांचा, मग कान काय तुझ्या एकट्याचे?"

बघ्यांत दोन तट पडले, कुणीतरी व्हिडिओ काढायला लागलं, आणि या सगळ्यात पैसे कुणालाच मिळाले नाहीत.

माझं मत असं की आधी बसलेल्याचा मान राखावा, पण त्यानंही अख्खी संध्याकाळ अडवून धरू नये. दुसरं, हद्द पावलांत न मोजता आवाजात मोजावी. बेंजोला दहा पावलं पुरतात, स्पीकरला चौकही पुरत नाही. ज्याचा आवाज लांब जातो त्यानं लांब बसावं. शिवाय समोरच्याची थाळी किंवा टोपी फिरत असेल तेवढा वेळ तरी शेजाऱ्यानं गप्प राहावं, कारण त्याची अख्ख्या तासाची कमाई त्या दोन मिनिटांत होते. हे नियम कुणी छापलेले नाहीत, पण पाळायला काय हरकत आहे? वेगळं मत असेल तर ऐकायला आवडेल.

---

सहा_तारा

हरकत आहे. त्या दोन पोरांतला मी नाही, पण मीही स्पीकर घेऊनच वाजवतो.

"ठरलेलं झाड" म्हणजे काय? सातबाऱ्यावर नाव लागलंय का? आम्ही कॉलेज, नोकरी सांभाळून आठवड्यातून एखाद्या दिवशी येतो. चांगल्या जागा मोजक्या असतात. पाठीशी भिंत हवी, समोर लोक थांबू शकतील एवढी रुंदी हवी, बसस्टॉप फार जवळ नको. त्या सगळ्या रोज येणाऱ्यांनी धरून ठेवल्या तर नव्यानं उभं राहायचं कुठं? आणि स्पीकर आम्ही हौस म्हणून लावत नाही. बाजूनं बस हॉर्न देत जाते तेव्हा नुसती गिटार मला स्वतःलाच ऐकू येत नाही.

परवानगीचं म्हणाल तर तिचाही भरवसा नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर एड शीरनसारखा जगप्रसिद्ध इंग्रज गायक गात असताना पोलिसानं वायर उपटली. परवानगी होती असं तो म्हणत राहिला, नव्हती असं पोलीस. त्याचं हे, तर आमची काय कथा!

---

टेम्सकाठचा_सातारकर

लंडनमध्ये हा प्रश्न बराच जुना असल्यानं तिथं काय चालतं ते सांगतो.

कॉव्हेंट गार्डन या लंडनच्या जुन्या बाजारपेठेत १६६२मध्ये कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद सॅम्युअल पीप्स या त्या काळच्या इंग्रजाच्या रोजनिशीत आहे. आज सेंट पॉल चर्चसमोरच्या चौकात मोठे गोलातले खेळ होतात, जगलिंग, एकचाकी सायकल वगैरे. गायक मंडळी बाजाराच्या आतल्या खालच्या अंगणात. एकाचा आवाज दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून ही विभागणी. सकाळी कलाकार जमतात, नावांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि त्या दिवशीच्या वेळा ठरतात. जुना असो वा नवा, चिठ्ठी सगळ्यांना सारखी. खेळ संपून टोपी फिरत असताना पुढचा आपलं सामान गोलात आणत नाही. हे मोडलं तर ओरडायला पोलीस लागत नाही, बाकीचे कलाकारच त्याला सरळ करतात.

भुयारी रेल्वेत २००३पासून परवाने आहेत. आधी ऑडिशन, मग वेळ आरक्षित करायची. स्टेशनात जमिनीवर अर्धवर्तुळ आखलेलं असतं, त्यात उभं राहायचं. भांडण संपलं.

---

काळा_डगला

भांडण संपलं कसं? २०२१मध्ये वेस्टमिन्स्टरच्या कौन्सिलनं (लंडनच्या त्या भागाची नगरपालिका) परवान्याची योजना आणली तेव्हा याच कॉव्हेंट गार्डनच्या कलाकारांनी विरोध केला होता ना? आमचं आम्ही पाहतो, तुमचा कागद नको, असं म्हणत. आणि लंडनच्याच लेस्टर स्क्वेअर चौकाचं सांगायचं राहिलंच. तिथल्या एका रेडिओ कंपनीनं कोर्टात दाद मागितली. तीच ती गाणी दिवसभर खिडकीखाली वाजत होती, आणि न्यायाधीशांनी त्याची तुलना थेट मानसिक छळाशी केली. एप्रिल २०२५मध्ये कौन्सिलनं त्या चौकातलं वाजवणंच थांबवलं. म्हणजे जागावाटप चोख असलं तरी वरच्या मजल्यावरच्या माणसाचे कान कुणी मोजलेच नव्हते. याबाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूनं.

आता आपल्याकडे या. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. त्यातली भीक मागण्याची व्याख्या एकदा वाचा. सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य, खेळ अशा कुठल्याही निमित्तानं दान घेतलं तरी ती भीकच. पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात, दोषी ठरला तर पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८मध्ये यातली बरीच कलमं रद्द केली, पण तो निकाल दिल्लीपुरता. तेव्हा काका आणि गिटारवाले जागेवरून भांडतायत खरे, पण कायद्याच्या लेखी दोघं एकाच गाडीत बसून जाणार.

तरीही एक फरक आहे आणि तो सहा_तारा यांना आवडणार नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, दिवसासुद्धा. बेंजोला ती लागत नाही.

---

सहा_तारा

वकीलसाहेब, पुण्यात बसून तुम्ही मला डेसिबल सांगताय? अनंत चतुर्दशीला अलका चौकात उभे राहा आणि मग सांगा. तिथं तर कुठलं पथक बेलबाग चौकात किती वेळ रेंगाळलं आणि मागची मंडळं किती तास खोळंबली यावरून दरवर्षी रामायण होतं.

---

पर्वतीपायथा

ते तुमच्या विरोधातच जातं की! विसर्जन मिरवणुकीत मानाचे गणपती आधी, हा क्रम कुणी कायद्यानं नाही ठरवला. रूढीनं ठरला आणि बहुतेकांनी पाळला. मागच्यांची तक्रार क्रमाबद्दल कमी आणि रेंगाळण्याबद्दल जास्त असते. मीही तेच म्हणतोय. मान आधीच्याचा, पण वेळेला मर्यादा.

---

रायरंदाचा_नातू

तुम्ही सगळे फुटपाथवरून भांडताय. आमच्यात हे गावांवरून चालायचं.

आजोबा रायरंद, म्हणजे बहुरूपी. आमच्या भागात प्रत्येक घराण्याची गावं वाटलेली होती. यामागं माज नव्हता, हिशोब होता. बहुरूपी हवालदाराचं सोंग घेऊन दारात येतो, दरडावतो, बाई घाबरते, मग तो लग्नाचं उलटंसुलटं आमंत्रण देतो आणि सगळं घर हसतं. हे वर्षातून एकदाच चालतं. चार दिवसांनी दुसरा बहुरूपी तोच हवालदार होऊन आला तर कुणी घाबरत नाही, कुणी हसत नाही आणि सुपातलं धान्यही बाहेर येत नाही. त्या वर्षापुरतं गाव दोघांच्याही हातचं गेलं. सुगी झाली की आमचे लोक आमच्या गावांत, त्यांचे त्यांच्या. मुलीच्या लग्नात किंवा कर्जापोटी गावं दुसऱ्या घराकडे जायची, असं आजोबा सांगत.

हद्द मोडली की भांडण पंचांपुढं. मढीला (तालुका पाथर्डी) कानिफनाथांची यात्रा भरते, होळीपासून पुढं. गाढवांचा बाजारही तिथलाच. राज्यभरचे भटके तिथं जमायचे आणि वर्षभराची भांडणं तिथं निघायची. कोण कुणाच्या गावात शिरला, किती मागून नेलं, दंड किती.

ओळखीच्या गावाचा आणखी एक अर्थ होता, तो शहरातल्यांना कळत नाही. ओळखीच्या गावात सोंग घेतलेल्या माणसाला कुणी मारत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. भिक्षेला आलेली माणसं होती. त्या गावात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. आमच्या घरी त्या दिवसापासून नवं गाव धरायचं नाव काढलं की आई उठून आत जाते.

---

ओवी_मोकळी

दादा, तुमचं लिहिलेलं वाचून काय बोलावं कळत नाही. राईनपाड्याबद्दल काही वाद नाही.

पण त्या पंचांबद्दल आहे. मढीच्या पंचांपुढं फक्त गावांची वाटणी व्हायची का? बायकांचे निवाडे, वाळीत टाकणं, पिढ्यान्‌पिढ्या न फिटणारे दंड, हेही तिथंच. त्यासाठी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा वेगळा कायदा करावा लागला. हद्द सांभाळणारी व्यवस्था असली की तिचा सांभाळणारा तयार होतो, आणि त्याच्या हातात काठी येते. झाडाखालच्या काकांचा मान राखा, पण तो मान त्यांच्या मुलाला वारशानं मिळणार आहे का? मिळणार नसेल तर तो मान तेवढ्या संध्याकाळपुरता, एवढं तरी धाग्यात स्पष्ट लिहा.

दुसरं, एवढ्या चर्चेत बाई कुठंय? पोतराजाच्या पुढं डोक्यावर देवीचा गाडा घेऊन ढोलकं वाजवत चालणारी बाई रोज रस्त्यावर असते. तो आसूड ओढतो म्हणून लोक त्याच्याकडं बघतात. तिची जागा कुठल्या नियमात बसते?

---

रायरंदाचा_नातू

ताई, पंचांची बाजू घ्यायला मी आलो नाही. आमच्या घरानंही दंड भरलाय. पण पंच गेले आणि त्या जागी काय आलं? काहीच नाही. आता मोरपिसांची टोपी आणि घोळदार अंगरखा भाड्यानं मिळतो. कुणीही वासुदेव होतो, मोटारसायकलवरून सोसायटीत येतो, "दान पावलं" म्हणतो आणि देवतांची चार नावंही धड न घेता निघून जातो. मग जो खरा आहे त्याला वॉचमन गेटवरच सांगतो, "काल एक येऊन गेला."

---

सहा_तारा

हे मात्र मला पटत नाही. खरा आणि नकली कोण ठरवणार? जन्म? मग मी गिटार वाजवायचीच नाही, माझ्या घरात कुणीच वाजवत नव्हतं. चांगलं गायला तर खरा, वाईट गायला तर लोक पुढं जातील.

---

सात_बेचाळीसची_कर्जत

मुंबईकराचे दोन शब्द. लोकलमध्ये हे बरंच सुरळीत चालतं, आणि चिठ्ठ्या-परवान्यांशिवाय. डब्यात एक गाणारा चढला असेल तर दुसरा दारातूनच बघतो आणि पुढच्या डब्यात जातो, किंवा स्टेशन येईपर्यंत थांबतो. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. टाळ, मृदंग, ठरलेली गाडी, ठरलेला दरवाजा. ते असतात त्या गाडीला हातात दोन फरशीचे तुकडे वाजवत गाणारा मुलगा आमच्या डब्यात चढतच नाही.

आता यात न्याय आहे का? मंडळाला पैसे नको असतात, पास खिशात असतो, आणि पोटासाठी गाणाऱ्यानं मागं हटायचं. वर त्यालाच गाडीत भीक मागायला बंदी करणाऱ्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ची भीती. एका टाळकऱ्याला मी हे बोललो तर तो म्हणाला, "देवाचं नाव चाललंय, त्यात वाद कसला?" पण गाडी शांत असते, हेही खरं.

---

काळा_डगला

"शांत आहे" म्हणजे "कमजोर माणूस गप्प आहे" एवढंच असतं बऱ्याचदा. म्हणून मला रूढीपेक्षा लेखी काहीतरी हवं. पथविक्रेता कायदा २०१४मध्ये लोकांना सेवा देणाराही पथविक्रेता धरलाय. कलाकाराचं नाव त्यात नाही, पण गाणं ही सेवा आहे असा युक्तिवाद करता येईल. त्या कायद्याखालच्या शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत अशी तरतूद आहे. तिथं वाजवणाऱ्यांना बसवा, जागा आखा, वेळा ठरवा. स्पीकरवाल्यांना वेगळ्या जागा, बिनस्पीकरवाल्यांना वेगळ्या.

---

टेम्सकाठचा_सातारकर

तुम्ही तर माझ्याच अर्धवर्तुळावर आलात की वकीलसाहेब. कालपासून भांडत होतात ते काय उगीच?

---

रायरंदाचा_नातू

समितीत कोण बसणार ते मला आत्ताच दिसतंय. आधार, रहिवासी दाखला, ऑनलाइन अर्ज. आमच्या निम्म्या लोकांकडं जातीचा दाखलाच नाही, कारण गावच एक नाही. फेरीवाल्यांच्या समितीत फेरीवाल्यालाच किती विचारतात ते मंडईत जाऊन विचारा. त्यापेक्षा "दादा, तुमचं झालं की मी बसतो" हे मला चालतं.

---

पर्वतीपायथा

आज परत त्या बाजूला गेलो होतो. काकांना चिठ्ठ्यांची कल्पना सांगितली. म्हणाले, सकाळी कुठं येऊ, सकाळी मी शाळेच्या गेटवर पेरू विकतो. वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू म्हटलं तर त्यांनी खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला.

सहा_तारा, तुमच्या ओळखीची ती पोरं असतील तर त्यांना विचारा, आठनंतर चालेल का. काका आठला उठतात, शेवटची बस असते.

---

सहा_तारा

ओळखीची आहेत. विचारतो. पण आठनंतर त्या रस्त्यावर फक्त आइस्क्रीमवाल्याकडं गर्दी असते, आणि त्यानंही स्पीकर लावलाय. त्याला कोण सांगणार?