मदत हवी आहे: वाडा निघायच्या आत कुत्र्यांचं काय करू?

फलटणचा_मेंढका:
आमचा वाडा, म्हणजे मेंढरं-माणसांचा फिरता तळ, चार दिवसांत कोकणात निघतोय, लवकर सांगा. दाजींच्या पोटातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यामुळं झाली. मी ते वाड्यावर येऊन सांगितलं आणि तिथंच बिनसलं. तात्या म्हणतात, सगळी कुत्री मारून टाकू. म्हातारी म्हणते, आज्यापणज्यांनी कुत्री पाळली, त्यांना काय झालं? बारकी पोरं अजून कुत्र्याला बिलगूनच झोपतात. यांना पटेल असं काय सांगू? आणि औषध कोणतं?

नीरेकाठ:
गाठ कसली? रिपोर्टवर काय लिहिलंय? कुत्री किती? एवढ्यावर कोण काय सांगणार?

खटावकर_७:
कुत्र्याचा विषय हलक्यात घेऊ नका. चावलं की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी लस सुरू करा आणि ठरलेले सगळे डोस घ्या. आमच्या भावकीतला एक जण मांत्रिकाकडं नेला होता, हातचा गेला.

फलटणचा_मेंढका:
चावलेलं नाही हो कुणाला! रिपोर्टवर 'हायडॅटिड सिस्ट, यकृत' असं आहे. कुत्री पाच, मेंढरं दोनशेच्या आसपास. बहिणीनं दाजींचं ताट-तांब्या वेगळं ठेवलंय, ते दाजींच्या मनाला फार लागलंय.

माणदेशी_पशुवैद्य:
आधी ताट एकत्र करा. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. आता एक सांगा, मेंढरू कापलं की काळीज (यकृत), फुप्फुस कुत्र्यांना टाकता का?

फलटणचा_मेंढका:
चांगलं काळीज आपणच खातो. पाण्याचे फोड असले तर मात्र कुत्र्याला टाकतो. सगळेच टाकतात.

माणदेशी_पशुवैद्य:
तेच फोड मुळाशी आहेत. त्यात पट्टकृमी नावाच्या जंताची पिल्लं असतात. कच्चा फोड कुत्र्यानं खाल्ला की आतड्यात तिळाएवढे पट्टकृमी तयार होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना, गवताला, पाण्याला लागतात. मेंढरू चरताना ती गिळतं, पोर कुत्र्याला कुरवाळून तोच हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या अंड्याचीच पुढं अशी गाठ होते. ती वाढायला वर्षं लागतात, म्हणून कुणाला कुत्र्याचा संबंध लागत नाही. म्हातारीला हेच सांगा.
औषध प्रॅझिक्वांटेल. वजनाप्रमाणे गोळी द्यायची, साधारण दर सहा आठवड्यांनी. गोळीनं जंत मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन दिवस कुत्री बांधून ठेवा आणि विष्ठा खोल पुरा किंवा जाळा.

शेळीवाला_लोणंद:
कशाला एवढं? आयव्हरमेक्टिनचं एक इंजेक्शन टोचा. आमच्या कुत्र्याची खरूज आठ दिवसांत गेली.

माणदेशी_पशुवैद्य:
खरूज जाईल. पट्टकृमीवर ते चालत नाही. दादा, असे सल्ले देऊ नका. लोक निर्धास्त राहतात आणि पोरं आजारी पडतात.

शेळीवाला_लोणंद:
मी वीस वर्षं जनावरं सांभाळतोय.

पुस्तकवेडी:
आइसलँडमध्ये हा आजार घरोघरी होता. 1860 च्या दशकात क्राबे नावाच्या डॅनिश डॉक्टरनं लोकांना कळेल अशी पुस्तिका लिहिली, ती घरोघर वाटली. फोड पुरायचे-जाळायचे असा नियमही झाला. आज तिथून आजार गेला आहे. तुम्हीही मराठीत छापून वाटा.

आशाताई_पाटण:
ताई, तिकडं लोक वाचत होते. आमच्या धनगरवाड्यांवर मी कितीतरी पत्रकं वाटली, चूल पेटवायला गेली. कागद नको, फोडच दाखवा. आणि सभा पुरुषांची घेऊन थांबू नका. भाकरी बाया थापतात, कुत्र्याला तुकडाही त्याच टाकतात. साबण त्यांच्या हातात द्या. ज्यांचं पोट दुखतंय, उजव्या कुशीत जड वाटतंय, त्यांची निघायच्या आधी सोनोग्राफी करा.

नीरेकाठ:
कुत्री मारण्याचं मनातून काढा. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. शिवाय लांडगा आला तर वाघरीजवळ, मेंढरांभोवतीच्या जाळीजवळ, कोण उभं राहणार? दुसरी कुत्री येतीलच, त्यांनाही हेच फोड टाकाल.

जत_माडग्याळ:
दोनशे मेंढरांत माडग्याळ जातीचा नर आहे का? असला तर विकणार का?

फलटणचा_मेंढका:
नर विकायचा नाही.
काल संध्याकाळी एक म्हातारी मेंढी कापली. काळजावर लिंबाएवढे तीन फोड निघाले. सगळ्यांना भोवती बसवलं, बायांना पुढं. फोड चिरू दिला नाही, नुसता उजेडात धरला. म्हटलं, दाजींच्या पोटात असाच होता, नारळाएवढा. तात्या बराच वेळ बघत राहिले. मग स्वतः उठले, कुदळ घेतली, कमरेएवढा खड्डा खणला, काळीज त्यात टाकून वर दगड रचले. कुत्री मारायची भाषा पुन्हा निघाली नाही. जनावरांच्या मदतीच्या 1962 या नंबरवर फोन केला होता, जनावरांच्या दवाखान्याची गाडी सकाळी आली, गोळ्या मिळाल्या. चार कुत्र्यांनी भाकरीतून खाल्ल्या. काळ्यानं दोनदा थुंकली, शेवटी गुळात दिली. बहिणीनं रात्री दाजींना आमच्या पंगतीतच वाढलं.
आता पुढची गोळी सहा आठवड्यांनी, तेव्हा आम्ही महाडच्या आसपास असू. तिकडचं कुणी आहे का? जनावरांचा दवाखाना रस्त्याकडेला कुठं पडतो, ते सांगा. परवा पहाटे निघतोय.