हेड युनिट म्हणजे नुसता टीव्ही नव्हे

अंत्रूजकर
काल 'तेरेखोलकाठ' यांनी इथे लिहिलं की गाडीतली स्क्रीन म्हणजे नुसता टीव्ही, बाकी गाडीशी तिचा काडीचा संबंध नाही. तेव्हा कंपनीचं हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला स्क्रीन-स्टिरिओचा डबा, काढा, म्हापशाला कुठल्याही दुकानात अँड्रॉइड स्क्रीन घ्या, वायरी कापा, पिळा, टेप मारा. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे उगाच भीती घालतात. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. मला राहवत नाही, कारण अशा जोडणीनंतर बिघडलेल्या गाड्या फोंड्याला माझ्या समोर येतात.

टीव्ही घरातल्या फ्रिजशी बोलत नाही. हेड युनिट मात्र गाडीतल्या इतर कंट्रोलरांशी, म्हणजे छोट्या संगणकांशी, सतत बोलत असतं. स्टिअरिंगवरचं आवाजाचं बटण घ्या. जुन्या गाड्यांत ती वायर सरळ रेडिओत जायची. आता बऱ्याच गाड्यांत बटणाचा निरोप आधी लिन नावाच्या साध्या, एका वायरच्या लाइनवरून दुसऱ्या कंट्रोलरला जातो आणि तिथून कॅन नावाच्या, सगळ्यांच्या सामाईक दोन वायरींच्या लाइनवरून हेड युनिटला. गाडीचा वेग, रिव्हर्स गिअर, उघडं दार, पार्किंग सेन्सर, सगळं त्याच दोन पिळलेल्या वायरींतून येतं. बॉश कंपनीने १९८६ मध्ये कॅनची ही पद्धत जगापुढे मांडली आणि आज आपल्या साध्या हॅचबॅकमध्येही ती आहे.

कॅनवर कुणी कुणाचा पत्ता घालून निरोप पाठवत नाही. निरोपालाच नंबर असतो, सगळे ऐकतात, ज्याला हवा तो उचलतो. दोघे एकदम बोलायला लागले तर लहान नंबरवाला पुढे जातो, दुसरा थांबून परत प्रयत्न करतो. शांत असताना दोन्ही वायरींवर अडीच व्होल्ट. बोलताना एक साडेतीनवर, दुसरी दीडवर. टेपखाली या दोन वायरी एकमेकींना टेकल्या की त्या लाइनवरचं सगळं बोलणं बंद. मग मीटरवर दिव्यांची जत्रा लागते आणि मालक म्हणतो, "स्टिरिओच तर बदलला!"

तेरेखोलकाठ
अंत्रूजकरबाब, तुमचा धंदा तुम्हाला लखलाभ. पण मी सर्वांत खालच्या मॉडेलबद्दल बोललो होतो. त्यात रेडिओच्या मागे असतं काय? बॅटरीची कायमची वायर, चावीबरोबर येणारी वायर, अर्थ, स्पीकर आणि अँटेना. कॅन तिथे पोचलेलाच नाही. माझ्या गाडीत बाहेरची स्क्रीन आहे, दोन पावसाळे काढले, एक दिवा लागला नाही.

आणि भीती का घालतात ते मी सांगतो. माझ्या भावाच्या वरच्या मॉडेलमध्ये स्क्रीनचा टच गेला. फक्त टच. तर म्हणे अख्खं युनिट बदला, सुटी काच मिळत नाही. सांगितलेल्या रकमेत चांगली सेकंडहँड स्कूटर आली असती. हा दरोडा तुम्हाला दिसत नाही, माझा टेप दिसतो.

वास्कोबंदर
मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोघांनीही अर्धंच सांगितलं आहे.

हेड युनिटमध्ये बहुधा दोन मेंदू असतात. मोठा मेंदू चित्र, नकाशा, गाणी बघतो, त्यावर लिनक्स, क्यूएनएक्स किंवा अँड्रॉइडसारखी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. शेजारी एक छोटा मायक्रोकंट्रोलर असतो. कॅनशी तोच बोलतो, आधी तोच जागा होतो, मोठ्याला वीज कधी द्यायची तेही तोच ठरवतो. अँड्रॉइड ऑटो तर मुख्यतः फोनमध्येच चालतं. फोन चित्र पाठवतो, स्क्रीन ते दाखवते आणि बोट कुठे लागलं ते परत कळवते.

बऱ्याच नव्या गाड्यांत इन्फोटेनमेंटची, म्हणजे स्क्रीन-गाण्यांची लाइन आणि इंजिन-ब्रेकची लाइन वेगळ्या असतात, मध्ये गेटवे, म्हणजे निवडक निरोपच पलीकडे सोडणारा कंट्रोलर असतो. म्हणून अंत्रूजकर म्हणतात ती दिव्यांची जत्रा प्रत्येक गाडीत होणार नाही.

पण 'काडीचा संबंध नाही' हे सरळ खोटं आहे. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी जीप चेरोकीच्या हेड युनिटमध्ये मोबाइल नेटवर्कवरून शिरून दाखवलं. मोठ्या मेंदूला कॅनवर थेट बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी छोट्या कंट्रोलरचंच सॉफ्टवेअर बदललं आणि चालत्या गाडीला आज्ञा दिल्या. कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आज्ञा चालल्या, कारण मूळ कॅनमध्ये निरोप नेमका कुणी पाठवला हे तपासायची सोयच नाही. आता कुठलं तरी बिननावाचं अँड्रॉइड, ज्याला सुरक्षेचा अपडेट कधी येणार नाही, त्याच लाइनवर बसवायचं?

कळंगुट_कॅब
सुरक्षेचं निघालंच आहे तर माझंही ऐका. माझ्या भाड्याच्या गाड्या आहेत. प्रत्येक पर्यटक ब्लूटूथ जोडतो, फोनबुक द्यायला 'हो' म्हणतो आणि विमानतळावर चावी टाकून निघून जातो. अनेक युनिटांत त्याची नावं-नंबर तसेच पडून राहतात. मी दर वेळी फॅक्टरी रीसेट मारतो. किती मालक मारतात?

घाटवाली
हॅकर राहू द्या हो. मी साखळीहून बेळगावला चोर्ल्यातून नेहमी जाते. जुलै महिना, केरी सोडून घाट चढायला लागलं, बाहेर धुकं, आतून काच पांढरी. माझ्या गाडीत काचेवर हवा सोडायचं बटण स्क्रीनवरच आहे. आणि तेव्हाच स्क्रीन काळी होऊन परत सुरू व्हायला लागली. एका हाताने काच पुसत, समोरच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे मी ते वळण घेतलं. मागे मुलं होती. कोण म्हणतं स्क्रीनचा गाडी चालवण्याशी संबंध नाही?

तेरेखोलकाठ
ताई, हे तर माझ्याच बाजूचं झालं. कंपनीचीच स्क्रीन बंद पडली ना?

घाटवाली
मी कुणाच्या बाजूची नाही. मला गोल फिरवायची बटणं परत हवीत.

वास्कोबंदर
एक लक्षात घ्या. स्क्रीन गेली म्हणून एसी बंद पडत नाही. एसीचा कंट्रोलर बहुधा वेगळा असतो, तो शेवटची आज्ञा पाळत राहतो. आणि गोल बटण असलं तरी आजकाल बऱ्याच गाड्यांत त्यामागे हवेचा पडदा ओढणारी केबल नसते, तेही निरोपच पाठवतं.

घाटवाली
मागे काय आहे ते मला शिकवू नका! 'शेवटची आज्ञा पाळतो' म्हणजे पायांवर हवा सोडत राहतो आणि काच पांढरी ती पांढरीच. बटण हाताला न बघता सापडतं, मला एवढंच हवं. एसी ऑफिसात बसून गाड्या बनवणाऱ्यांनी एकदा पावसात घाट चढून बघावा.

अंत्रूजकर
ताईंशी मी शंभर टक्के सहमत. टेस्लाचंही हेच झालं. २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. ८ जीबीची फ्लॅश मेमरी सारखं लिहून लिहून झिजत होती, आणि ती गेली की मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवायची बटणंही जात होती.

कळंगुट_कॅब
युरोपात २०२६ पासून बटणं नसतील तर सुरक्षेच्या चाचणीत गुण कमी म्हणे. बघा, शहाणपण आलं.

वास्कोबंदर
ती चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२४ मध्ये सांगितलेल्या यादीत इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि मदत बोलवायचं एसओएस बटण होतं. काचेचं धुकं त्यात नव्हतं. ताईंची मागणी योग्य आहे, हे मी मान्य करतो. मघाशी त्यांच्या अनुभवावर मी फक्त तांत्रिक उत्तर दिलं, ते त्यांना लागलं असेल तर समजू शकतो.

अंत्रूजकर
मूळ मुद्द्यावर या. तेरेखोलकाठ, खालच्या मॉडेलचं तुमचं बरोबर, तिथे मी अडवत नाही. पण तुमचं वाचून वरच्या मॉडेलवाला कात्री घेऊन बसतो, त्याचं काय? काही गाड्यांत लाइनच्या टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर हेड युनिटच्या आतच असतो. ते काढलं की लाइनचं एक टोक उघडं पडतं आणि चुका अधूनमधून येतात, पकडता येत नाहीत.

बॅटरीचंही तेच. रात्री सगळ्या कंट्रोलरांनी झोपायला हवं. बाहेरच्या स्क्रीनला कॅनचे निरोप समजावणारा स्वस्त डिकोडरचा डबा बडबडत राहिला तर लाइन जागी राहते. अर्धा अँपिअर जरी गेला तरी दिवसाला १२ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत आडवी. चवथीला गावी जाऊन आलेल्यांचे मला किती फोन येतात!

तेरेखोलकाठ
कात्रीचं मान्य, जा. मॉडेल न सांगता लिहायला नको होतं. पण दरोड्याबद्दल तुम्ही अजून एक अक्षर बोलला नाहीत. सुटी काच का विकत नाहीत? दुसऱ्या गाडीचं जुनं युनिट आणलं तर ते काही गाड्यांत लॉक होतं, चेसिस नंबर जुळत नाही म्हणून. मग गरिबाने बाजारात जायचं नाही तर कुठे?

अंत्रूजकर
त्यावर माझं तुमच्याशी भांडणच नाही. काच सुटी मिळायलाच हवी, आणि लॉक उघडायची सोय बाहेरच्या गॅरेजलाही हवी. तोवर बाहेरचं बसवणार असाल तर त्या मॉडेलचा तयार कपलर, म्हणजे वायरी न कापता बसणारा प्लग, घ्या, मूळ वायरीला कात्री लावू नका. आधी बॅटरीची केबल काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे गाडी तपासायचं यंत्र जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या, म्हणजे कॅनच्या पिनांमध्ये मीटर लावा. लाइनच्या दोन टोकांना १२०चे दोन रेझिस्टर समांतर असतात, म्हणून साधारण ६० ओहम यायला हवेत. ते लिहून ठेवा आणि बसवल्यावर परत बघा. गेटवे असेल तर हे आकडे त्याच्या अलीकडच्याच लाइनचे, तेव्हा स्क्रीनच्या कपलरवरही मोजा. आणि गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरीचा व्होल्टेज बघितल्याशिवाय दुकानदाराला उरलेले पैसे देऊ नका.

तेरेखोलकाठ
भावाला पाठवतो हे. कपलर म्हापशाला मिळेल की मडगावला जावं लागेल?