गुलामांच्या वंशजांसाठी सरकारी खातं हवं का?

सॅक्रामेंटोकर
ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांनी गुलामांच्या वंशजांसाठी स्वतंत्र ब्यूरो काढण्याच्या कायद्यावर सही केली. वंशावळ पडताळणं हे त्याचं मुख्य काम. हे फार आधी व्हायला हवं होतं. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या यादीत मालकाचं नाव, खाली नुसतं वय, लिंग, रंग. ज्या सरकारने नाव लिहिलं नाही, त्यानेच आता खापरपणतवंडांकडे पुरावा मागायचा? शोधाशोध सरकारनेच करावी.

कायद्याचं_बोला
तळमळ पटते, मार्ग पटत नाही. कॅलिफोर्निया १८५० साली संघराज्यात आलं तेच गुलामगिरीबंदी असलेलं राज्य म्हणून. मेक्सिको, फिलिपिन्स, भारतातून पुढे आलेल्यांनी हा भार का उचलावा? शिवाय मतदारांनी मंजूर केलेल्या १९९६ च्या प्रस्ताव २०९ ने सरकारी नोकरी, शिक्षण, कंत्राटांत वंशावरून प्राधान्य द्यायला बंदी घातली आहे. 'वंश नाही, वंशावळ बघतो' हा युक्तिवाद २००० साली मूळ हवाईवासीयांच्या वंशजांपुरत्या ठेवलेल्या मतदानाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.

सॅक्रामेंटोकर
गुलामगिरीबंदी कागदावरच. १८५२ मध्ये याच राज्याने पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकांच्या हवाली करण्याचा कायदा केला! आणि लॉस एंजेलिसजवळच्या मॅनहॅटन बीचवरची ब्रूस या कृष्णवर्णीय कुटुंबाची जागा १९२०च्या दशकात बागेच्या नावाखाली काढून घेतली. काउंटीने ती २०२२ मध्ये परत केली, कारण वारस कोण ते ठरवता आलं. तेच काम ब्यूरो करेल.

मराठवाड्यातून
कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दप्तरं कशी धुंडाळावी लागतात, ते आम्ही बघतोय. मोडी वाचणारे मोजके. कागद सापडला तर ठीक, नाही तर माणूस बाहेर. कागदावरच सगळं ठरवलं तर सगळ्यात नाडलेलाच आधी गळतो. मदत सरसकट द्या.

सॅक्रामेंटोकर
सगळ्या कृष्णवर्णीयांना सरसकट म्हटलं की तो वंशावरून दिलेला लाभ ठरतो आणि प्रस्ताव २०९ आडवा येतो. आणि १८६५ चा फ्रीडमेन्स ब्यूरो, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीचं अमेरिकी सरकारचं खातं, विसरू नका. शाळा काढल्या, मजुरीचे करार करून दिले, लग्नं नोंदवली. त्याच नोंदींवर आज घराणी शोधतात. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ज्या अमेरिकी जनतेला अर्पण केली, तिच्या सरकारने तो ब्यूरो आदल्याच वर्षी गुंडाळला होता.

कायद्याचं_बोला
तेच तर म्हणतोय. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने मुक्त गुलामांना दिलेल्या जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत केल्या आणि ब्यूरोच्या हाती कागदच उरले. आताही न्यूसम यांनी त्याच महिन्यात वंशजांना विद्यापीठ प्रवेशात प्राधान्य देऊ पाहणारं विधेयक फेटाळलं. मग वंशज असल्याचा दाखला मिळालेल्याने तो घेऊन जायचं कुठे?