विषय: पॅरिसमध्ये दोघांचं जेवण, ६० युरोंत

प्रेषक: श्टुटगार्टकर

नमस्कार मंडळी,
लिस्टवर आजवर नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. जूनअखेर लग्नाला पाच वर्षं होतायत, म्हणून दोघं दोन दिवस पॅरिसला येतोय. गाडी गार द लेस्तला येते, हॉटेलही तिथेच घेतलंय. एक संध्याकाळ मेणबत्ती-बिणबत्ती लावलेल्या जागी निवांत जेवायचंय. बजेट दोघांत ६० युरो. बायको अंडं खाते, मांस-मासे अजिबात नाही.

मागच्या खेपेला साँ-मिशेलजवळच्या एका गल्लीत दारातल्या माणसाने आग्रह करून आत नेलं आणि नुसत्या पाण्याच्या बाटलीचे ७ युरो लावले. ते अजून ऐकतोय. यंदा अब्रू वाचवा.

प्रेषक: काकू, दहावा वॉर्ड

अरे, बाटली मागवायचीच नाही. ‘युन काराफ दो’, म्हणजे एक जग पाणी, म्हणायचं. जेवणाबरोबर नळाचं पाणी आणि पाव फुकट, इथला नियमच आहे. सर्व्हिसही भावातच धरलेली असते, टिप ठेवली नाहीस म्हणून कोणी डोळे वटारणार नाही. आणि दारात उभं राहून बोलावणारा दिसला की पाय उचलायचे!

तुम्ही शार्तियेला जा. १८९६ सालचं आहे, तुमच्या हॉटेलपासून चालत वीसेक मिनिटं. अशा खाणावळींना ‘बुइयाँ’ म्हणतात. बुइयाँ म्हणजे मांसाचं कढण. कष्टकऱ्यांना ते स्वस्तात मिळावं म्हणून या निघाल्या. आत उंच छत, मोठाले आरसे, आणि नंबर घातलेले लहान खण. रोजची गिऱ्हाइकं पूर्वी आपापला नॅपकिन त्यात ठेवून जायची. वेटर ऑर्डर टेबलावरच्या कागदावरच लिहितो आणि शेवटी बेरीजही तिथेच मांडतो. आमचे हे दर वेळी ती तपासतात. आजवर एकदाही चूक सापडली नाही, तरी तपासतात.

प्रेषक: मोंपार्नासचा दादा

काकू, शार्तिये आणि रोमँटिक? बुकिंग घेत नाहीत, रांग लावायची, वर चौघांच्या टेबलावर अनोळखी माणसं शेजारी. गलका तर दादर स्टेशनचा. शिवाय वहिनी शाकाहारी. इथे सॅलडमध्येसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात, आणि कांद्याचं सूप बहुतेक ठिकाणी बीफच्या पाण्यात केलेलं.

माझं मत मोंपार्नासच्या क्रेपरींना, म्हणजे घावनांच्या खाणावळींना. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांताच्या गाड्या इथे येतात, त्यामुळे तिकडची माणसं इथेच वसली आणि स्टेशनाजवळच्या गल्ल्यांत एकाला एक लागून क्रेपरी झाल्या. गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं मोठं घावन म्हण, कडा कुरकुरीत, आत अंडं आणि चीझ. ‘कॉम्प्लेत’मध्ये हॅम असतं, तेव्हा ‘साँ जाँबाँ’ सांगायला विसरू नका. सोबत साइडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, तीही वाडग्यात. ४ नंबरची मेट्रो तुमच्या स्टेशनावरून थेट येते.

प्रेषक: काकू, दहावा वॉर्ड

रोमँटिक म्हणजे काय ते आता तू मला शिकव! अरे, जूनअखेर इथे दहा वाजेपर्यंत उजेड असतो. मेणबत्ती लावून बघणार काय?

खरं सांगू का, पैसे दुपारी खर्च करा. रात्री भाव बघून ज्या बिस्त्रोच्या दारातूनच परत फिरावंसं वाटतं, तिथेच सोमवार ते शुक्रवार दुपारी ‘फॉर्म्युल’ असतो, दोन किंवा तीन पदार्थ ठरलेल्या भावात. खडूने पाटीवर लिहिलेला असतो, बाहेर उभं राहून वाचा, मगच आत शिरा. ‘मेन्यू’ म्हणजे इथे ठरलेली थाळी, यादी हवी तर ‘कार्त’ मागायची. बारा ते दोनच्या आत पोचा, नंतर स्वयंपाकघर बंद.

संध्याकाळी लांबडा बॅगेट पाव, कोंते चीझ, चेरी घ्या आणि पाँ नफ पुलावर जा. चौथ्या हेन्रीचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्याच्या मागच्या पायऱ्या उतरलं की बेटाच्या टोकाला बाग लागते, व्हेर-गालाँ. ते त्या राजाचंच टोपणनाव. म्हातारपणीही रंगेल होता म्हणून पडलं. दोन्ही अंगांनी सेन वाहते. भाडं नाही, वेटर नाही.

प्रेषक: श्टुटगार्टकर

काकू, दादा, काल रात्री परतलो.

दुपारी कालव्याजवळ पाटी बघून शिरलो. माझं मासे, तिचं अंडं घातलेलं ॲस्परॅगस, दोघांत ४४ झाले. संध्याकाळी व्हेर-गालाँ. सुरी न्यायची राहिली, हॉटेलच्या कार्डाने चीझ कापलं. नंतर खोलीचं दार काही उघडेना, रिसेप्शनवरच्या मुलीने कार्ड हुंगलं आणि न बोलता दुसरं दिलं.

दुसऱ्या दिवशी ही हट्टाने शार्तियेला घेऊन गेली. पाऊण तास रांग. शेजारी एक म्हातारं जोडपं बसवलं. आजींनी हिच्या ताटातली अंडी बघून आपला पाव सरकवला आणि मेयोनेझ पुसून खायचं कसं ते दाखवलं. बेरीज मी तपासली, बरोबर होती. तो कागदाचा कोपरा हिने फाडून पर्समध्ये ठेवलाय.

दादा, गालेत राहिलं. गाडी सातची होती.