सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ आणि कॉग्निटिव्ह रेडिओ: मराठीत नेमकं काय म्हणायचं?

'सॉफ्टवेअर परिभाषित रेडिओ' असं सर्रास लिहिलेलं दिसतं आणि ते मला अजिबात पटत नाही. मराठीत परिभाषा म्हणजे एखाद्या शास्त्राचे ठरलेले शब्द, इथे तसलं काही नाहीये. जुन्या रेडिओत फिल्टर, डिमॉड्युलेटर (लहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग) सगळं सर्किटमध्ये पक्कं बसवलेलं असायचं, इथे अँटेनातून आलेला सिग्नल शक्य तितक्या लवकर आकड्यांत बदलतात आणि पुढचं काम कोड करतो, तोच रेडिओ एफएम ऐकवेल नाहीतर विमानांचे सिग्नल वाचेल. अमेरिकन अभियंता जोसेफ मिटोला यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नुसतं 'सॉफ्टवेअर रेडिओ' म्हटलं होतं, आपणही तेवढंच म्हणावं.

आणि 'स्टेशन लावणे'चं काय करायचं? २०१२च्या सुमारास लोक टीव्हीचा स्वस्त यूएसबी डाँगल असा रेडिओ म्हणून वापरायला लागले, त्यात दोनेक मेगाहर्ट्झचा पट्टा एकदम आत येतो. एफएमची स्टेशनं वॉटरफॉलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या सिग्नलच्या सरकत्या चित्रात, शेजारी शेजारी उजळ पट्टे होऊन सरकताना दिसतात. मग लावायचं कसलं, आलेल्यातून वेचायचं!

– कॉग्निटिव्ह रेडिओतल्या 'कॉग्निटिव्ह'ला 'संज्ञानात्मक' नको, जिभेवर बसत नाही. 'शिकाऊ' तर मुळीच नको, शिकाऊ म्हणजे नवखा. मला 'जाणता रेडिओ' आवडतो. मूल जाणतं झालं म्हणतो ना, म्हणजे आजूबाजूचं समजून वागायला लागलं. मिटोला आणि त्यांचे सहलेखक मॅग्वायर यांनी १९९९मध्ये मांडलेली कल्पना जवळपास हीच आहे, रेडिओने आधी कान द्यायचा, कुठली फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ते बघायचं, तिथे बोलायचं आणि त्या फ्रिक्वेन्सीचा हक्काचा मालक आला की जागा सोडायची.

– जाणता छान आहे, पण मालक आला की उठायचं हा नियम आधीच लिहून दिलेला असला तर त्यात शिकणं कुठे आलं? आता न्यूरल नेटवर्कला सिग्नलचे कच्चे सॅम्पल, म्हणजे मोजलेले आकडे, हजारोंनी दाखवतात आणि मॉड्युलेशन (लहरीवर माहिती चढवायची पद्धत) कुठलं ते ओळखायला ते स्वतःच शिकतं, कोणी नियम लिहून देत नाही. त्याला मी 'शिकता रेडिओ' म्हणेन, वाहतं पाणी, वाढतं वय म्हणतो तसं, शिकणं अजून चालूच आहे हे त्या 'ता'मध्ये येतं. नियम पाळणारा तो जाणता, अनुभवाने बदलणारा तो शिकता, दोन्ही शब्द ठेवा, एकात दुसरा कोंबू नका.