शब्दचर्चा : ‘मोटरचे जनित्र’ की ‘जनित्र म्हणून मोटर’?

प्रश्न : कायमचुंबकाची डीसी मोटर हाताने किंवा वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्याने फिरवून वीज घेण्यावर लिहितोय. ‘मोटरचे जनित्रात रूपांतर’ लिहू की ‘मोटर जनित्र म्हणून वापरणे’? आणि डीसीला दिष्ट म्हणावं की एकदिश?

उत्तर : ‘रूपांतर’ टाळाच. तो शब्द वाचून माणूस मोटर उघडायला बसेल. आत काहीच बदलायचं नसतं. आर्मेचर (फिरणारी गुंडाळी), चुंबक, कार्बनचे ब्रश सगळं जागच्या जागी राहतं. वीज देऊन दांडा फिरवायचा की दांडा फिरवून वीज घ्यायची, एवढाच फरक. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात झेनोब ग्राम यांचं वीज तयार करणारं यंत्र दुसऱ्या तशाच यंत्राच्या विजेवर मोटरसारखं फिरवून दाखवलं होतं. पाठ्यपुस्तकातले चलित्र (मोटर) आणि जनित्र हे शब्द मला म्हणूनच आवडतात. यंत्र त्या क्षणी कोणतं काम करतंय, ते त्यातून कळतं. तेव्हा ‘जनित्र म्हणून’ हेच बरोबर.

खरा घोळ ‘विरोधी विद्युतचालक बल’ या शब्दाने होतो. मोटर चालू असताना तिच्या गुंडाळीत जो दाब (व्होल्टेज) उलट बाजूने तयार होतो, त्याला आपण विरोधी म्हणतो. दांडा बाहेरून फिरवला की तोच दाब आपल्याला हवा असतो, आणि त्याचं नाव होतं प्रवर्तित. बल एकच, नावं दोन. तो फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो. निम्मे फेरे, निम्मा दाब.

हे न कळल्यामुळे मोटरवरच्या माहितीपट्टीचा आकडा फसवतो. समजा, पट्टीवर २४ व्होल्ट, ५ अँपिअर, मिनिटाला ३००० फेरे लिहिलंय आणि गुंडाळीचा रोध ०.४ ओहम आहे. मोटर म्हणून चालताना २ व्होल्ट रोधातच जातात, म्हणजे विरोधी दाब २२. तीच मोटर ३००० फेऱ्यांनी फिरवून ५ अँपिअर घेतले तर २२ मधून पुन्हा २ वजा होतात आणि हाती २० व्होल्ट येतात. पूर्ण २४ हवे असतील तर साधारण ३५५० फेरे द्यावे लागतील. ‘२४ व्होल्टचं जनित्र’ असं लिहू नका. ‘२४ व्होल्टची मोटर, जनित्र म्हणून’ असं लिहा.

दुसरं उत्तर : दिष्ट की एकदिश? शाळेच्या पुस्तकात दिष्ट आहे. मला एकदिश जास्त अर्थवाही वाटतो, कारण प्रवाहाची दिशा एकच राहते एवढंच तो सांगतो. तो स्थिर असतो असं सांगत नाही, आणि इथे तो स्थिर नसतोच. दिक्परिवर्तक (कम्युटेटर) दर अर्ध्या फेऱ्याला गुंडाळीची टोकं बदलून दिशा राखतो, पण दाब थोडा वरखाली होतच राहतो. ब्रशलेस मोटर (ब्रश आणि दिक्परिवर्तक नसलेली) असेल तर एकदिश हा शब्द थेट लागूच होत नाही. तिच्या तीन तारांवर प्रत्यावर्ती (दिशा सतत बदलणारी, एसी) वीज येते आणि सहा डायोडचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा) ब्रिज लावल्यावर ती एकदिश होते.

डायनमो शब्द मात्र जपून. दिक्परिवर्तक असलेल्या जनित्राला तो शोभतो. चाकाला घासून फिरणारा सायकलचा ‘डायनमो’ खरं तर छोटा अल्टरनेटर आहे. त्यात चुंबक फिरतो आणि वीज प्रत्यावर्ती येते. त्याने बॅटरी चार्ज करायला रेक्टिफायर, म्हणजे असा डायोडचा ब्रिज, लागतोच.

तिसरं उत्तर : लेखात बॅटरी येणार असेल तर डायोडबद्दल ठळक लिहा. वारा पडला आणि मधे डायोड नसला, की बॅटरी मोटरला फिरवायला लागते, तेही त्याच दिशेने. पातं गरगर फिरताना दिसतं, बघणाऱ्याला वाटतं चार्जिंग चाललंय, आणि बॅटरी उतरत असते. अँपिअर मीटरचा काटा शून्याच्या कोणत्या बाजूला आहे त्यावरूनच त्या क्षणी चलित्र आहे की जनित्र ते कळतं. साध्या डायोडऐवजी शॉटकी प्रकारचा लावला तर त्यात दाबही कमी जातो.

प्रश्नकर्ता : शीर्षक बदललं : ‘कायमचुंबकाची मोटर, जनित्र म्हणून’. फेऱ्यांचं गणित आणि डायोड दोन्ही घेतोय. दिष्ट पहिल्यांदा एकदाच लिहीन, पुढे सगळीकडे एकदिश.