प्रतिसाद: ट्रेक लीडरला एक दिवसाचं शिबिर पुरत नाही
वर एकांनी लिहिलंय की लीडरला एक दिवसाचं प्रथमोपचार शिबिर पुरे, बाकी 108 आहेच. मला हे अजिबात पटत नाही. पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेवर जुलैच्या पावसात कित्येक ठिकाणी रेंज नसते, चिखलातून माणूस गाडीरस्त्यापर्यंत उचलून न्यायलाच तास मोडतात. शिबिरात शिकवतात ते रुग्णवाहिका येईपर्यंतचं. ‘विल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ (दवाखान्यापासून लांब, रानावनात करायच्या प्रथमोपचाराचा) कोर्स 70-80 तासांचा असतो तो याच मधल्या तासांसाठी: नाडी, श्वास, शुद्ध पुन्हा पुन्हा तपासून वेळेसकट लिहायची, म्हणजे तब्येत कुठं चाललीय ते कळतं.

भिजून कुडकुडणारा पोरगा एकदम कुडकुडायचा थांबला, बोलताना अडखळायला लागला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका हो! हायपोथर्मिया, म्हणजे अंगातली ऊब धोक्याइतकी कमी होणं, वाढल्याची ती खूण. ओले कपडे काढा, खाली मॅट, वर कोरडं पांघरूण, वारा अडवा. हातपाय चोळू नका.

दाजीपूर-रांगण्याकडं साप चावला तर आवळपट्टी नको, चिरा नको. अंगठी-कडं काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका, चालवू नका, उचलून न्या.

पैसे भरण्याआधी लीडरचं प्रमाणपत्र कधीचं आहे, हे आयोजकांना जरूर विचारा. त्याला मुदत असते.